उसने? किसने?

जबलपूरच्या मराठी माणसाला पैसे मागताना एक अडचण येते, जी पुण्याच्या मराठी माणसाच्या वाट्याला कधी येत नाही. मराठीत बिनव्याजी, बिनकागदाचे, 'देतो हो लवकरच' एवढ्या बोलीवर घेतलेले पैसे म्हणजे 'उसने'. हिंदीत 'उसने' म्हणजे 'त्याने'. घरात मराठी, दारात हिंदी अशा तीन-चार पिढ्या काढलेल्या माणसाची जीभ घाईच्या वेळी नेमकी उंबरठ्यावर अडखळते आणि तो कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याला म्हणतो, "भाईसाब, पाच-सात हजार उसने चाहिए थे." शेजारी प्रामाणिकपणे विचारतो, "उसने? किसने?"

प्रश्न बिनतोड आहे. कर्ज कोणी घेतलं असं विचारलं तर घेणारा माणूस सहसा 'मी' असं उत्तर देत नाही. ते फ्रिजने घेतलेलं असतं, मुलाच्या क्लासने घेतलेलं असतं, मेव्हणीच्या लग्नाने किंवा मे महिन्यातल्या उकाड्याने घेतलेलं असतं. आपण मध्ये फक्त सहीपुरते.

'हप्त्या'चीही तीच गत. मराठीत हप्ता म्हणजे कर्जफेडीची ठरलेली रक्कम. हिंदीत तिला किस्त म्हणतात. 'हफ्ता' हा एक तर आठवडा, नाहीतर मोहल्ल्यातल्या दादाला पोचवायचा ऐवज. गोलबाजारच्या दत्त मंदिरात आरतीला उभ्या असलेल्या गृहस्थाने बायकोच्या कानात "उद्या हप्ता भरायचाय" असं कुजबुजावं आणि शेजारच्या भाविकाने बाह्या सरसावून "कौन लै रओ हफ्ता, बड्डे?" असं विचारावं, हे या गावात अशक्य नाही. ('बड्डे' ही खास जबलपुरी हाक. तिच्यात दादा, दोस्त, साहेब आणि 'ए बाबा' हे सगळं मावतं.) हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला एका थोर बँकेला जातो हे कळल्यावर भाविक बाह्या खाली करतो. दादाचं एक वेळ पाहता आलं असतं, बँकेपुढे कोणाचं काय चालणार?

या लेखातले गृहस्थ आणि वहिनी ही एक जोडी नाही. नेपिअर टाऊन, राइट टाऊन, गोरखपूर अशा मराठी वस्तीच्या भागांतल्या चार-पाच घरांतून थोडंथोडं उचलून ती तयार केली आहे. त्यामुळे त्यांना स्वतंत्र सिबिल स्कोअर नाही, आणि ही त्यांच्या आयुष्यातली एकमेव आर्थिक चैन म्हणायची.

तर ही जोडी एका दुपारी सराफ्यात शिरली. जबलपूरचा सराफा कमानिया गेटच्या आसपासच्या गल्ल्यांत पसरलेला आहे. गेट १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसची आठवण म्हणून उभं राहिलं. त्याच्या आसपास खव्याची जिलेबी मिळते. काळसर, जड, पाकात निथळणारी. सराफ्यात जाणाऱ्या माणसांचे दोन प्रकार या जिलेबीवरून ओळखता येतात. घ्यायला आलेले परतताना जिलेबी खातात. ठेवायला आलेले जाताना खातात, कारण परतताना इच्छा राहत नाही. जवळच सुनरहाईची देवी बसते. नवरात्रात तिच्या अंगावर खऱ्या सोन्याचा इतका साज असतो, की गाव तिला 'नगर सेठानी' म्हणतं. गावातल्या बाकीच्या देव्या आपापले दागिने घेऊन त्याच गल्लीत उलट्या दिशेने जात असतात, याकडे सेठानीने आजवर दुर्लक्ष केलेलं आहे.

'ठेवायला' हा शब्दही नीट ऐकण्यासारखा आहे. सराफ्यात कोणी 'गहाण' म्हणत नाही. काउंटरपलीकडचा म्हातारा सोनार चष्म्यावरून बघतो आणि विचारतो, "बेचना है, कि रखना है?" मराठी घरातही तसंच म्हणतात: पाटल्या ठेवल्यात. जणू त्या दमल्या होत्या आणि त्यांना चार महिने माहेरी ठेवलं आहे.

वहिनींनी पर्समधून रुमाल काढला, रुमालातून पिशवी, पिशवीतून डबी, डबीतून गुलाबी कागद आणि कागदातून पाटल्यांची जोडी. सासूबाईंच्या, चार तोळ्यांच्या. हॉलमार्क अर्थातच नाही. सहा अक्षर-अंकी एचयूआयडी विक्रीला सक्तीचा झाला तो १ एप्रिल २०२३ पासून, आणि या पाटल्या तर सासूबाईंबरोबर त्याच्या साठेक वर्षं आधी नागपूरहून आलेल्या. सोनाराने एक पाटली काळ्या कसोटीवर ओढली. सोनेरी रेघ उमटली. तिच्या शेजारी आपल्या पेटीतल्या माहीतगार सळईची रेघ ओढली, दोन्हींवर काडीने आम्लाचा थेंब सोडला आणि कोणती रेघ आधी फिकी पडते ते बघत बसला. त्या पाच-सात सेकंदांत वहिनींनी सासूबाईंबद्दल मनात आणलेले सगळे संशय आठवून घेतले. रेघ टिकली. सासूबाई खऱ्या निघाल्या.

"कितना चाहिए?" सोनाराने विचारलं. गृहस्थ म्हणाले, दोन लाख. "और कुल देना कितना है?"

इथे गृहस्थांनी भिंतीवरच्या लक्ष्मीकडे पाहिलं. "होगा दो-ढाई."

सोनाराने व्याजाचा दर सांगितला, "दो रुपया सैकड़ा." शेकडा दोन! ऐकायला किती किरकोळ वाटतं. शंभराला दोन रुपये तर माणूस देवळाबाहेरच्या चपलांना देतो. फक्त हे दोन रुपये दर महिन्याचे असतात, म्हणजे वर्षाला चोवीस टक्के. बाजारातला प्रत्येक दर असाच लहान मापात सांगण्याची रीत आहे. क्रेडिट कार्डवाले 'साडेतीन' म्हणतात, तेही महिन्याचेच. दुकानदार 'फक्त बारा टक्के फ्लॅट' म्हणतो, म्हणजे एक लाखावर वर्षाचे बारा हजार आधीच मिळवून एक लाख बारा हजारांचे बारा हप्ते. मुद्दल दर महिन्याला कमी होत जातं, व्याज मात्र अख्ख्या लाखावर धरलेलं. घटत्या शिलकीच्या हिशेबाने हाच दर साडेएकवीस टक्क्यांच्या घरात जातो. 'फ्लॅट' या शब्दाचा खरा अर्थ गिऱ्हाइकाला सातव्या-आठव्या हप्त्याला कळतो.

पण या सोनाराने एक विपरीत गोष्ट केली. त्याने पाटल्या परत गुलाबी कागदात गुंडाळल्या, कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून गृहस्थांपुढे सरकवलं, कानामागचं पेन दिलं आणि म्हणाला, आधी सगळं लिहा. सोनारानेच कान टोचावेत असं मराठीत म्हणतात, ते बहुधा अशाच एखाद्या दुपारवरून.

आधी पानावर पाच ओळी आल्या. पहिलं कार्ड, एक लाख चाळीस हजार. दुसरं कार्ड, साठ. पर्सनल लोन, बाकी दोन लाख दहा. ऑफिसच्या पतसंस्थेचे ऐंशी. फ्रिज आणि टीव्हीचे बावीस. हे 'नो कॉस्ट' होते, तेव्हा लिहायचे की नाही यावर थोडी चर्चा झाली. मग वहिनींनी पेन घेतलं आणि सहावी ओळ लिहिली: दादाचे पन्नास. दादा म्हणजे त्यांचा भाऊ. "ते उसने आहेत, कर्ज नाही," गृहस्थ म्हणाले. वहिनींनी ओळ खोडली नाही. सातवी ओळ लिहायला गृहस्थांनी पेन परत मागितलं आणि अगदी बारीक अक्षरात लिहिलं: मोबाईलवरचं, अठरा. ही ओळ वहिनींनाही नवी होती. दुकानातला पंखा तेवढा फिरत राहिला. मग आठवी: कुंपणापलीकडच्या भाईसाबांचे सात हजार. बेरीज पाच लाख सत्त्याऐंशी हजार.

दोन-अडीच आणि पाच सत्त्याऐंशी यांच्यातलं अंतर हाच कर्ज फेडण्यातला सगळ्यात अवघड टप्पा. बाकीचं गणित सातवीचं आहे. ज्याला इंग्रजी मुलखात 'डेट मॅनेजमेंट प्लॅन' म्हणतात, त्यातही या पानाहून वेगळं फार काही नसतं. एक त्रयस्थ माणूस सगळी देणी एका कागदावर उतरवतो, पगारातून घरखर्च वजा करतो, उरलेली रक्कम सावकारांमध्ये त्यांच्या-त्यांच्या बाकीच्या प्रमाणात वाटतो, आणि त्यांना व्याज कमी करा, दंड थांबवा, अशी गळ घालतो. कर्जदार महिन्याला एकच रक्कम भरतो. कार्डं कातरून टाकतो. ब्रिटनमध्ये हे काम फुकट करणारी एक मोठी धर्मादाय संस्था १९९३ पासून आहे. तिचं आताचं नाव स्टेपचेंज. इंग्लंड-वेल्समध्ये तर मे २०२१ पासून कर्जदाराला साठ दिवसांची कायदेशीर उसंत मिळते. तिचं नावच 'ब्रीदिंग स्पेस', श्वास घ्यायला जागा. आपल्याकडे श्वास घ्यायला फारसं कोणी अडवत नाही, पण फोन उचलावा लागतो.

मात्र ही कल्पना साहेबाकडून काल-परवा आली असं समजून जबलपूरकरांनी खांदे पाडायचं कारण नाही. उलट या प्रांताने ती अख्ख्या हिंदुस्थानाच्या आधी अमलात आणली. तेव्हा जबलपूर आणि नागपूर एकाच मध्य प्रांतात होती, सरकारी कागदाला हिंदी आणि मराठी अशा दोन मावश्या होत्या. जागतिक मंदीने धान्याचे भाव कोसळले, शेतकऱ्याचं कर्ज मात्र जिथल्या तिथे. तेव्हा १९३३ साली मध्य प्रांताने कर्ज-तडजोडीचा कायदा केला. असा कायदा करणारा हा देशातला पहिला प्रांत. तालुक्याच्या ठिकाणी मंडळ बसे. कर्जदार अर्ज करी, मंडळ सगळ्या सावकारांना नोटीस काढून आपापलं येणं लिहून द्यायला सांगे. ज्या सावकाराने मुदतीत येणं लिहून दिलं नाही, त्याचं कर्ज फिटलं असं धरलं जाई! मग घासाघीस, सूट, आणि उरलेल्याचे वर्षवार हप्ते. वाजवी तडजोड नाकारणाऱ्या सावकाराबद्दल मंडळ कर्जदाराला दाखला देई; तो दाखला असला की पुढे कोर्टात सावकाराला खर्चही सुटत नसे आणि व्याजालाही कात्री लागे.

म्हणजे कॅलेंडरचं उलटं पान इथे सरकारी होतं, आणि गंमत म्हणजे ते भरायचं ओझं सावकारावरही होतं.

पगारदारांचीही सोय झाली. १९३६ साली याच प्रांताने कारखान्यातल्या मजुरांच्या कर्जासाठी वेगळा कायदा केला: पगार महिना पन्नास रुपयांपर्यंत, आणि कर्ज हे मालमत्ता अधिक तीन महिन्यांचा पगार याहून जास्त असेल, तर मजुराने कोर्टात जावं, कोर्टाने त्याची ऐपत मोजावी आणि झेपेल तेवढी रक्कम बांधून द्यावी. लगेच १९३७ मध्ये कर्जदार-संरक्षणाचा कायदा आला. कर्जदाराच्या पाठीपाठी हिंडणं, त्याला धमकावणं, त्याच्या घराभोवती घुटमळणं हा त्याने गुन्हा ठरवला. पगाराच्या दिवशी फाटकाबाहेर काठी टेकून उभ्या राहणाऱ्या वसुलीवाल्याची ही खास दखल. आज तो फाटकाबाहेर उभा राहत नाही. खिशात राहतो आणि थरथरतो. त्याच्यासाठी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये सांगून ठेवलं, की वसुलीचा फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातच्या नंतर करायचा नाही. त्यामुळे गृहस्थांच्या घरात संध्याकाळी सात वाजून एक मिनिटाला दिवेलागणीसारखी एक शांतता पसरू लागली. वहिनी त्याच वेळी देवापुढे निरांजन लावत. श्रेय कोणाला जायचं, ते दोघांनी आपापल्या परीने ठरवलं होतं.

आता नवा दिवाळखोरी कायदा आहे, २०१६ चा. त्यात अगदी गरीब माणसासाठी 'फ्रेश स्टार्ट' अशी एक पाटी कोरी करून देणारी तरतूद आहे. अटी वाचण्यासारख्या आहेत: वर्षाचं उत्पन्न साठ हजारांहून जास्त नको, मालमत्ता वीस हजारांहून जास्त नको, कर्ज पस्तीस हजारांहून जास्त नको आणि राहतं घर स्वतःचं नको. गृहस्थांचं साठ हजार उत्पन्न महिन्यालाच होतं आणि नुसत्या हातातल्या फोनची किंमतच वीस हजारांवर. म्हणजे ज्या फोनवरून कर्ज घेतलं त्याच फोनने त्यांना अपात्र ठरवलं. त्यांनी याचं फार वाईट वाटून घेतलं नाही, कारण वैयक्तिक कर्जदारांचा हा भाग, उद्योगांना जामीन राहिलेल्यांचा अपवाद सोडला, तर सामान्य माणसाला लागूच केलेला नाही. १९३६ चा पन्नास रुपये पगाराचा मजूर या बाबतीत त्यांच्यापेक्षा पुढे होता.

बिनफीचा सल्ला मात्र मिळतो, आणि ही गोष्ट कोणी फारशी सांगत नाही. बँक ऑफ इंडियाने २००६ साली मुंबईत कर्जसल्ल्याचं केंद्र उघडलं, त्याला नाव दिलं 'अभय'. नाव ठेवणाऱ्याला दाद द्यायला हवी. कर्जदाराला सगळ्यात आधी तेच हवं असतं. फेब्रुवारी २००९ मध्ये रिझर्व्ह बँकेने अशा केंद्रांसाठी एक नमुना योजनाच काढली. सल्ला मोफत, आणि सल्लागाराने बँकेची उत्पादनं विकायची नाहीत अशी अट. पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत 'आर्थिक साक्षरता केंद्रं' झाली. त्यांच्या पाटीखालून माणसं रोज जातात. आपण साक्षर आहोत अशी सगळ्यांची खात्री असल्यामुळे आत कोणी शिरत नाही. उलट 'कर्ज अर्ध्यात मिटवा' म्हणणाऱ्या खासगी मंडळींकडे गर्दी होते. ते हप्ते थांबवायला सांगतात, स्वतःची फी घेतात आणि तडजोड झालीच तर पतअहवालात त्या खात्यापुढे 'क्लोज्ड' ऐवजी 'सेटल्ड' अशी नोंद लागते. इंग्रजीत 'सेटल्ड' म्हणजे स्थिरस्थावर झालेला मुलगा. सिबिलच्या भाषेत त्याच शब्दाचा मुलगा पुढची काही वर्षं कोणत्याच बँकेला जावई म्हणून चालत नाही.

गृहस्थांना अर्ध्यात मिटवायचा मोह झाला होता. सोनाराने तो एका वाक्यात मोडला, पण ते वाक्य छापण्यासारखं नाही.

पानाच्या खालच्या भागात हिशेब झाला. पगार हातात बासष्ट हजार. किराणा, दूध, वीज, शाळा, पेट्रोल, सासूबाईंची औषधं मिळून चौतीस. उरले अठ्ठावीस. हप्ते आणि कार्डांचं 'मिनिमम ड्यू' मिळून साडेतेहतीस. म्हणजे दर महिन्याला साडेपाच हजार कमी, आणि ते भरायला पुन्हा कार्ड. ऋण काढून सण करतात हे ऐकलं होतं. इथे ऋण काढून ऋणच चाललं होतं.

'मिनिमम ड्यू' या प्रकरणावर थोडं थांबायला हवं, कारण हा शब्दही फसवा आहे. समजा कार्डावर एक लाख बाकी आहे, महिन्याला साडेतीन टक्के व्याज. साडेतीन हजार झाले. त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी, सहाशे तीस. एकूण चार हजार एकशे तीस. बँक म्हणते, निदान पाच टक्के तरी भरा, म्हणजे पाच हजार. माणूस पाच हजार भरतो आणि त्यातले आठशे सत्तर रुपये मुद्दलाला पोचतात. बाकीचे वाटेतच जेवून घेतात. जुन्या हिंदू कायद्यात 'दामदुप्पट' म्हणून एक दयाळू नियम होता: थकलेलं व्याज मुद्दलाच्या वर मागायचं नाही. साडेतीन टक्क्यांच्या दराने, सरळ व्याज धरलं तरी, ही वेस एकोणतिसाव्या महिन्यात येते. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली कार्डांच्या व्याजाला वर्षाला तीस टक्क्यांची वेस घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ ला ती काढून टाकली, की हे ठरवणं आयोगाचं काम नाही.

तेव्हा कार्डांवरचं दोन लाखांचं देणं आधी मारायचं, हे पक्कं झालं. ते महिन्याला व्याज आणि करापोटी आठ हजार दोनशे साठ खात होतं. तेच दोन लाख सोनं ठेवून बँकेतून काढले तर साधारण शेकडा एकच्या दराने महिन्याला दोन हजार. आणि हे सांगितलं कोणी, तर 'दो रुपया सैकड़ा'वाल्याने. बँकेत ठेवा, म्हणाला. बँक आता अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला सोन्याच्या किमतीच्या पंच्याऐंशी टक्क्यांपर्यंत देऊ शकते, आणि कर्ज फिटल्यावर तिच्या चुकीने सात कामकाजी दिवसांत दागिना परत मिळाला नाही तर दिवसाला पाच हजार भरपाई देते. हे दोन्ही रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांतलं. "हमाए यहाँ देर हुई तो चाय मिलती है," सोनार म्हणाला.

त्याने स्वतःचं गिऱ्हाईक का घालवलं, यावर गृहस्थांनी घरी जाताना बराच विचार केला. वहिनींचं मत सरळ होतं: पाटल्या मोडीत निघाल्या नाहीत, तर मुलीच्या लग्नात आपण पुन्हा त्याच्याकडेच येणार. सराफ तीन पिढ्यांचा हिशेब धरून बसतो. क्रेडिट कार्डवाला एका तिमाहीचा.

एवढ्यावर गृहस्थांना हलकं वाटायला हवं होतं, पण मराठी माणूस कर्जात असला की त्याला इतिहास आठवतो. आणि तो दिलासाच देतो. बाजीराव पेशव्यांनी धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींकडून कर्ज घेतलं होतं, आणि स्वामी तपश्चर्येइतक्याच निष्ठेने तगादा लावत. सावकारांच्या पायावर डोकं घासून कपाळाची कातडी गेली, अशा अर्थाची कैफियत अटकेपर्यंत दरारा असलेल्या घराण्याच्या या कर्त्या पुरुषाने स्वामींना लिहिलेली आहे. हे बाजीराव १७४० मध्ये रावेरखेडीला ज्या नर्मदेकाठी गेले, तीच नर्मदा त्याआधी जबलपूरच्या ग्वारीघाटावरून वाहत जाते. त्यांचे नातू थोरले माधवराव १७७२ मध्ये थेऊरला मृत्युशय्येवर होते, तेव्हा त्यांनी नऊ कलमांचा एक कागद करवून घेतला. त्यात सावकारांचं देणं फेडण्याचं कलम आहे. सत्तावीस वर्षांचा मुलगा, क्षयाने झिजलेला, गादीच्या वारसाच्या काळजीत, आणि तरी यादीत देणं लिहायला विसरला नाही. गृहस्थ चव्वेचाळीस वर्षांचे, धडधाकट, आणि अठरा हजारांची एक ओळ बारीक अक्षरात लिहीत होते.

तुकोबांनी लोकांकडून येणी असलेली खतं इंद्रायणीत सोडली, ही कथा प्रत्येक कर्जदाराला पाठ असते. सावकाराला ती पाठ असल्याचं ऐकिवात नाही. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी आपल्या हातांनी तेच करायचं ठरवलं. सावकारांची घरं फोडून कर्जखतं बाहेर काढली आणि जाळली. त्यातून चौकशी आयोग आला आणि १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा. त्याने न्यायाधीशाला खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार किती, व्याज किती, हे उकरायची मुभा दिली, हप्ते बांधून द्यायचीही. आता खत सर्व्हरवर असतं. त्याला काडी लावता येत नाही. फार तर पासवर्ड विसरता येतो, आणि तो गृहस्थ आधीच विसरले होते.

योजना अडीच वर्षं चालली. ती सांगण्यासारखी नाही, कारण काटकसरीत कथानक नसतं. पहिल्या महिन्यात मोबाईलवरचे अठरा हजार गेले. व्याजाचं गणित केलं तर त्यानंतर पर्सनल लोनवर जोर द्यायला हवा होता, पण वहिनींनी आधी फ्रिज-टीव्ही संपवला. लहान ओळ खोडली की हाताला चव येते, असं त्यांचं म्हणणं. या दोन पद्धतींवर परदेशी अभ्यासक पानंच्या पानं लिहितात; वहिनींनी कॅलेंडर फ्रिजला चिकटवलं होतं आणि ज्याचे पैसे फिटले नाहीत त्याच वस्तूवर ते रोज दिसावं हे त्यांना पटत नव्हतं, एवढंच खरं कारण. कार्डं कात्रीने कापली. एक कापताना गृहस्थ म्हणाले, "हे ठेवू या का, इमर्जन्सीला?" वहिनींनी कात्री त्यांच्या हातात दिली.

मध्ये दोन खाचखळगे आले. एका दिवाळीत बोनस आला आणि तो फटाक्यांसारखा गेला. आणि एका संध्याकाळी, सातच्या आत, फोनवरच्या गोड आवाजाने गृहस्थांना 'प्री-अप्रूव्ह्ड' तीन लाख देऊ केले. ज्या माणसाला पाच वर्षं कोणी आपणहून चहा पाजला नाही, त्याला आधीच मंजूर झालेले तीन लाख. ते क्षणभर हळवे झाले. कर्जाच्या मधोमध माणसाची पत सुधारू लागली की बँकांना त्याचा पुन्हा वास येतो.

पतसंस्थेचा दाखला आला, पर्सनल लोनचं 'नो ड्यूज' आलं, बँकेच्या तिजोरीतून पाटल्या सातव्या दिवसाच्या आत परत आल्या. भरपाईचे पाच हजार हुकले याची गृहस्थांना जरा चुटपुट लागली. वहिनी पाटल्या घेऊन सराफ्यात गेल्या, पुन्हा वजन करवून घेतलं, काटा तिथल्या तिथे थांबला. बाहेर येऊन दोघांनी जिलेबी खाल्ली. या वेळी परतताना. दादाच्या पन्नास हजारांचा प्रश्न राखीला सुटला. दादाने "राहू दे गं" म्हटलं आणि मग घेतले.

उरली आठवी ओळ. कुंपणापलीकडच्या भाईसाबांनी अडीच वर्षांत एकदाही विषय काढला नव्हता. ते विसरले असावेत, असं गृहस्थांना वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर थोडी आशाही होती. तरी एका रविवारी सकाळी पाकिटात सात हजार घालून ते गेले. भाईसाब अंगणात वर्तमानपत्र वाचत बसले होते. त्यांनी पाकीट घेतलं, बोटाला थुंकी लावून नोटा मोजल्या आणि पाकीट मांडीवर ठेवलं.

"पाँच सौ और थे, बड्डे. नवरात में. पंडाल के चंदे के टाइम."

गृहस्थांनी आठवून पाहिलं. खरंच आठवेना. "पाँच सौ? वो किसने लिए थे?"

"उसने नहीं," भाईसाब म्हणाले, आणि वर्तमानपत्राचं पान उलटलं. "आपने."